कामगारांचे नाटक आणि सुटीचा तास



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, की तो पगारवाढीवर, महागाईवर, फार तर कामगार कायद्यांवर बोलणार असे सर्वजण धरून चालतात. संयोजकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'कामगारांचे नाटक' असे कळविले. त्यावर त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. त्यात त्यांचे काही चुकले नाही. आमच्याच संघटनेतल्या सहकाऱ्यांनीही, "मोर्चाच्या दिवसांत हे नाटक कुठले काढलेत?" असे म्हटले होते.

प्रथमच सांगून टाकतो की आम्ही नाट्यशास्त्राचे जाणकार नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते गिरणगावातल्या मोफत वाचनालयाच्या बाकावर, आणि पुष्कळसे संघटनेच्या कचेरीत पत्रके चिकटवता चिकटवता झाले. तेव्हा भरताच्या रससूत्रापासून आम्ही आरंभ करणार नाही. मुंबईच्या परळ-लालबाग भागातले नाटक उभे कशावर राहिले आणि पडले कशामुळे, एवढेच आम्हांला सांगायचे आहे. ते आम्ही अगदी खालून पाहिले आहे; म्हणजे रंगमंचाखालून, सतरंजीवर बसून.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : नाटक प्रतिभेतून जन्मते हे खरे असेल, परंतु ते जगते सुटीच्या तासावर आणि तालमीच्या जागेवर. ज्या माणसाला दिवसाकाठी दोन तास स्वतःचे नाहीत आणि चार माणसांना एकत्र उभे राहायला दहा हात जमीन नाही, त्याच्या अंगी कितीही गुण असले तरी त्याचे नाटक होणार नाही. आणि हा तास व ही जागा कोणी कोणाला आपण होऊन देत नसतो.

मुंबईत कापसाची पहिली गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. त्यानंतरची तीसपस्तीस वर्षे गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी अशी नव्हतीच. सूर्य उगवला की गिरणी सुरू, मावळला की बंद. पावसाळ्यातला दिवस काय आणि उन्हाळ्यातला काय, उजेड असेतो काम. मालकाच्या सणाला यंत्र थांबले तर तीच सुटी, आणि पुष्कळ ठिकाणी त्या दिवशी यंत्रांची साफसफाई करायला पुन्हा कामगारच. अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे नावाचा एक गृहस्थ पुढे आला. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा हा कार्यकर्ता आणि 'दीनबंधु' पत्राचा संपादक. त्यांनी १८८४ साली परळला गिरणी कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. त्यातली पहिली मागणी पगाराची नव्हती. आठवड्यातून एक दिवस विश्रांती द्या, ही होती. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. त्याच वर्षी १० जून रोजी मालकांच्या मंडळाने रविवारची सुटी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुटी आली.

बंधुभगिनींनो, गिरणगावच्या नाटकाचा पहिला प्रवेश तेथे लिहिला गेला असे आम्ही समजतो. तो लिहिणारा नाटककार नव्हता. पण रविवार नसता तर शनिवारी रात्रीचा प्रयोग कोणी पाहिला असता? जागरण करून दुसऱ्या दिवशी भोंग्याला हजर कोण राहिला असता?

पुढच्या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. १९२२ च्या सुधारणेने कारखान्यातल्या मोठ्या माणसाचे काम दिवसाला अकरा तास आणि आठवड्याला साठ तास यांच्या आत आले. त्याच १९२२ साली परळला दामोदर नाट्यगृह उभे राहिले. ते उभारले ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने, म्हणजे ज्या संस्थेने कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविली तिने. कायदा झाला म्हणून नाट्यगृह झाले असे आम्ही म्हणत नाही, योगायोगही असेल. परंतु नाट्यगृहात बसायला माणूस मोकळा असावा लागतो, हे तर खरे ना? पुढे १९३४ च्या कायद्याने आठवड्याचे चोपन्न तास झाले आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस. प्रत्येक वेळी कामगाराच्या हाती सहा-सहा, बारा-बारा तास आले. त्या तासांचे त्याने काय केले? काहींनी दारू प्याली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुष्कळांनी भजन केले, तालीम केली, सोंगे रंगविली.

ही माणसे मुंबईला रिकाम्या हातांनी आली होती, पण रिकाम्या गळ्याने आली नव्हती. कोकणातून आलेल्यांनी दशावतार, नमन-खेळे आणि जाखडी आणली. मुंबईकर तिला बाल्या नाच म्हणतात. घाटावरून आलेल्यांनी तमाशा, लेझीम, भारूड आणले. गावकऱ्यांचा गाळा म्हणून एक व्यवस्था असे. एका खोलीत एका गावचे तीस-तीस, चाळीस-चाळीस गडी राहत. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या वळकटीवर रातपाळीचा झोपे. जेवण खानावळवाल्या बाईकडे. आता अशा खोलीत तालीम कशी करायची? झोपलेल्याची झोप मोडली तर मारामारी. म्हणून तालीम गच्चीवर, गॅलरीत, व्यायामशाळेच्या हौद्याशेजारी. राजाची भूमिका पहिल्या पाळीच्या माणसाकडे आणि प्रधानाची दुसऱ्या पाळीच्या, तर राजा आणि प्रधान समोरासमोर यायचे ते रविवारीच. एरवी राजाने भिंतीशी बोलावे आणि प्रधानाने रात्री बारानंतर येऊन त्याच भिंतीला उत्तर द्यावे.

प्रयोगही निव्वळ हौसेचा नसे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, गावच्या शाळेची इमारत, यांच्या मदतीसाठी मुंबईत नाटक लागे. स्मरणिका निघे. तिच्यात वाण्याची, शिंप्याची, डॉक्टरची जाहिरात. नाट्यगृहाचे भाडे, ड्रेपरीवाला, रंगभूषेवाला, स्त्री-भूमिकेसाठी बोलावलेल्या नटीची नाईट, एवढे देऊन जे उरे ते गावी जाई. कोकणातल्या कित्येक शाळांच्या भिंतींत परळच्या नाटकाचे पैसे आहेत. ही गोष्ट नाट्येतिहासात सहसा येत नाही, कारण या नाटकांची परीक्षणे वर्तमानपत्रांत छापून येत नसत.

आता पांढरपेशा रंगभूमीने कामगाराकडे पाहिलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मामा वरेरकरांनी गिरणीतल्या माणसांना 'सोन्याचा कळस' या नाटकात आणि 'धावता धोटा' या कादंबरीत आणले. परंतु कामगार स्वतः लिहू लागला आणि स्वतःच उभा राहिला, ते निराळे. सत्यशोधक जलसे आणि भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे यांनी ती वाट आधीच तुडवून ठेवली होती. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊ शाळेत जेमतेम बसलेला माणूस. मुंबईत त्यांनी गिरणीतही काम केले. त्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि तिच्यासाठी लढलेल्यांना वंदन आले, गौळण गेली, आणि वगात सावकार, मुनीम, काळाबाजारवाला आले. त्यालाच पुढे लोकनाट्य म्हणू लागले. एक डफ, एक तुणतुणे आणि ढोलकी. पडदा नाही, नेपथ्य नाही. मैदान हे नाट्यगृह आणि सभा हाच प्रयोग. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ ते १९६० या काळात, या शाहिरांनी काय केले ते आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी आपल्या घरातून ऐकले असेल.

आता एक कायद्याची गोष्ट सांगतो. ती रुक्ष वाटेल, पण ऐकावी. १९५३ साली मुंबई कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. त्यातून कामगार कल्याण केंद्रे उभी राहिली आणि केंद्रांच्या वार्षिक नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. त्या आजही होतात. किती नट, किती लेखक पहिल्यांदा तोंडाला रंग लावून उभे राहिले ते या स्पर्धांत! पण हा निधी आला कोठून? कामगार, मालक आणि सरकार यांच्या वर्गणीखेरीज त्यात आणखी दोन रकमा जातात, असे कायदाच सांगतो. एक, कामगारांकडून वसूल केलेला दंड. आणि दुसरी, मालकाकडे पडून राहिलेले, कामगाराला न दिलेले वेतन. उशिरा आल्याबद्दल कोणाचे तरी चार आणे कापले गेले, कोणी तरी हिशेब न घेताच गावी जाऊन मेला, त्याची मजुरी राहिली. त्या पैशाने पुढे कोणाच्या तरी डोक्यावर जिरेटोप चढला. तेव्हा कामगाराला नाटक फुकट मिळाले असे कोणी म्हणू लागला तर त्याला हा कायदा दाखवावा. त्याने त्याची किंमत आगाऊ भरलेली आहे.

हे सगळे चालू होते, आणि मग १८ जानेवारी १९८२ उजाडली. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. वडील साचेखात्यात. आमच्या चाळीचे नाट्यमंडळ होते. एक निळा मखमली पडदा, एक हार्मोनियम, लाकडी तलवारी आणि दोन मिशांचे डबे, एवढी त्याची इस्टेट. ती आमच्या खोलीच्या पोटमाळ्यावर ठेवलेली असे, कारण वडील मंडळाचे खजिनदार होते. संपाच्या पहिल्या उन्हाळ्यात मंडळाने चौकात नाटक केले. गर्दी दुप्पट, कारण सगळेच घरी. दुसऱ्या वर्षी निम्मी माणसे गावी निघून गेली होती. हार्मोनियम गहाण पडली. पडदा विकत घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा तो फाडून चार घरांनी वाटून घेतला. आमच्या आईने त्याच्या गोधड्या शिवल्या. तीन वर्षे आम्ही त्या पडद्याखाली झोपलो. वडिलांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. मात्र चाळीत पुन्हा नाटकाची वर्गणी मागायला कोणी आले की ते उठून बाहेर जात.

संपाने नाटक मारले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्ही ते मान्य करीत नाही. संपात माणसे उपाशी राहिली, परंतु उपासाने नाटक मरत नाही; आमच्या चौकातला तो उन्हाळ्यातला प्रयोग त्याला साक्ष आहे. नाटक मेले ते जागा गेल्यामुळे. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमांनी त्यांच्या जमिनीचा प्रश्न पुढे आला. २००१ साली त्या नियमांत बदल झाला आणि शहराच्या मोकळ्या जागेसाठी व घरांसाठी जो वाटा सुटायचा तो फार आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीत मॉल झाला हे मुंबईला जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गिरणीबरोबर आसपासची चाळ गेली, चाळीबरोबर चौक गेला, गच्चीला कुलूप लागले. राजा विरारला राहायला गेला आणि प्रधान कल्याणच्या पलीकडे. आता त्यांनी कोणत्या भिंतीशी बोलायचे?

जयंत पवार हा गिरणगावातच वाढलेला नाटककार. त्यांनी १९९७ साली 'अधांतर' लिहिले. संपानंतरच्या एका कामगार कुटुंबाचे ते नाटक आहे. मराठीतल्या मोठ्या नाटकांत त्याची गणना होते आणि ती योग्यच आहे. पण आम्हांला ते पाहताना एक गोष्ट टोचत राहिली. गिरणगावावरचे सर्वांत चांगले नाटक आले ते गिरणगाव मोडत असताना. ज्या चाळीची ही कथा, तिचा चौक तोवर नाटकाला उरला नव्हता.

दामोदर नाट्यगृहाचेही तसेच. शंभर वर्षे पुरी करून २०२३ च्या अखेरीस ते पुनर्विकासासाठी बंद झाले. रंगकर्मींनी निदर्शने केली. नवे नाट्यगृह केवढे होणार, केव्हा होणार, हौशी मंडळांना ते परवडणार का, हे त्यांचे प्रश्न होते. आम्हीही त्यांत उभे होतो. तेथे एक वृद्ध गृहस्थ आम्हांला म्हणाले, "आमच्या गावची शाळा या इमारतीने बांधली. आता ही इमारत बांधायला गावाने काय पाठवावं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

येथे कोणी विचारील, की मुंबईत आता कलामहोत्सव काय कमी आहेत? नाहीत. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतो, नऊ दिवस. तेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आम्ही तो पाहिला आहे आणि चांगला आहे. कोणत्याही महोत्सवाशी आमचे वैर नाही. आमचे म्हणणे एवढेच, की महोत्सव हे फळ आहे. नऊ दिवसांच्या उत्सवामागे तीनशे छप्पन्न दिवसांची तालीम असावी लागते. शहराचे पुढारी फळाला पैसे देतात, कारण फळाशेजारी छायाचित्र काढता येते. मुळाला पाणी घालताना छायाचित्र काढून घ्यायला कोणी येत नाही. लालबाग-चिंचपोकळीचे गणेशोत्सव घ्या. चिंचपोकळीचा उत्सव १९२० चा, लालबागचा १९३४ चा. या उत्सवांच्या मांडवात पूर्वी मेळे होत, नाटके होत. आज तेथे दर्शनाच्या रांगेसाठीच रस्ता पुरत नाही, मग रंगमंच कोठे बांधणार? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको असा २००० सालचा नियम आहे. आजाऱ्यांसाठी, विद्यार्थ्यांसाठी तो योग्यच आहे. पण दुसरी पाळी सुटल्यावर सुरू होणारा खेळ त्या नियमात बसत नाही, त्यालाही कोठे तरी बंद दाराआडची जागा द्यायला हवी होती. ती कोणी दिली नाही.

आणि तासाचे काय? लोखंड्यांनी मिळविलेला रविवार आज कोणाजवळ आहे? आमच्या संघटनेत सुरक्षारक्षक आहेत, ठेक्यावरचे सफाई कामगार आहेत, दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचविणारी मुले आहेत. कागदावर आठ तास. पण रक्षकाचा बदली माणूस आला नाही की बाराचे सोळा तास होतात. जेवण पोहोचविणाऱ्या मुलाला तर पाळीच नाही. आणि रविवारी धंदा जास्त, म्हणून रविवार हाच त्याचा सर्वांत कष्टाचा दिवस. परवा एक मुलगा आम्हांला म्हणाला, "काका, मला नाटकात काम करायचंय, पण तालमीला कधी येऊ ते माझा मोबाइल ठरवतो." १८८४ साली परळला सह्या करणारा माणूस आणि हा मुलगा यांच्या मागणीत फारसा फरक नाही, हे आपल्या ध्यानात आले असेलच.

येथवर आम्ही मालकांवर, सरकारवर, जमिनीच्या व्यापारावर बोट ठेवले. ते सोपे आहे आणि आम्हांला त्याची सवयही आहे. पण वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर माणसाने स्वतःचीही झडती द्यावी. तास आणि जागा यांखेरीज नाटकाला तिसरी एक गोष्ट लागते. ती म्हणजे मोकळी जीभ. आणि ती आम्ही संघटनावाल्यांनी किती वेळा धरून ठेवली, ते सांगायला हवे.

मुंबई सोडून क्षणभर दिल्लीजवळच्या साहिबाबादकडे चला. १ जानेवारी १९८९ रोजी तेथे कामगार वस्तीत जन नाट्य मंच 'हल्ला बोल' हे पथनाट्य करीत होता. कामगारांच्या मागण्यांचे ते नाटक होते. प्रयोग चालू असताना हल्ला झाला. रामबहादूर नावाचा एक कामगार ठार झाला आणि सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात वारले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलयश्री आणि साथी त्याच जागी परत गेले आणि अर्धे राहिलेले नाटक त्यांनी पुरे केले. एका पथनाट्यासाठी माणसांनी एवढी किंमत मोजली आहे.

आता आमचे ऐका. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शहरात ठेक्यावरच्या सफाई कामगारांचा लढा आम्ही चालवीत होतो. कामगारांच्याच पोरांनी आणि बायकांनी मिळून एक पथनाट्य बसविले. गेटसभेला गर्दी जमावी म्हणून आम्हीच त्यांना उत्तेजन दिले होते. खरे सांगायचे तर नाटक म्हणजे भाषणापूर्वीचा ढोल, एवढीच आमची समजूत. पुढारी आला की नाटक थांबवायचे, हा रिवाज. तालीम पाहायला आम्ही गेलो. त्यात एक प्रवेश होता. पुढारी करारपत्र घेऊन येतो, नावे वाचतो, टाळ्या पडतात. तेवढ्यात एक झाडूवाली पुढे येऊन विचारते, "यादीत माझं नाव कुठाय?" पुढारी म्हणतो, "बाई, मस्टरवर असेल तर असेल." आणि खुर्चीवर चढून घोषणा देतो. लोक हसले. पुढाऱ्याचे काम करणाऱ्या पोराने आमचा चष्मा पुसायची लकब हुबेहूब उचलली होती.

आम्ही हसलो नाही. लढ्याच्या वेळी एकजुटीला तडा जाईल असे काही नको, असे सांगून तो प्रवेश काढायला लावला. पोरांनी काढला. पुढे तडजोड झाली, करार झाला. कायम करायच्या माणसांची यादी ठेकेदाराच्या हजेरीपटावरून तयार झाली. तिच्यावर सही करायची घाई आम्हांला होती, कारण लढा लांबला होता. चौदा बायका त्या यादीत नव्हत्या. मुकादमाने त्यांना रोजावर आणले होते, हजेरीपटावर त्यांची नावे कधी चढलीच नव्हती. जे त्या प्रवेशात होते तेच, शब्दशः. त्यांतली एकजण झाडूवालीचे काम करीत होती. ती आमच्या कचेरीत आली. भांडली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, आता तरी तो प्रवेश करू का?"

त्या बाईला त्या दिवशी काय उत्तर द्यावे ते आम्हांला सुचले नाही. आठवड्याने आम्ही स्वतः जाऊन सांगितले, की करा. पुढच्या गेटसभेत भाषण आधी झाले आणि नाटक नंतर, आणि आम्ही जमिनीवर बसून ते पाहिले. लोक आमच्याकडे पाहून हसत होते. त्यानंतर वाटाघाटी पुन्हा सुरू करायला आम्हांला दोन वर्षे लागली. चौदांपैकी नऊजणींची नावे चढली. पाचजणी तोवर शहर सोडून गेल्या होत्या. त्यांचा पत्ता आम्हांला लागला नाही. नाटकाने आम्हांला वेळेवर सांगितले होते. आम्ही ऐकले असते तर त्या पाचजणी आज निवृत्तिवेतन घेत असत्या.

म्हणून नाटक ही करमणूक आहे की प्रबोधन, या वादात आम्ही पडत नाही. पत्रकात जे छापता येत नाही आणि सभेत उठून जे विचारायला भीती वाटते, ते सोंग घेऊन विचारायची सोय म्हणजे नाटक. ज्या संघटनेला, ज्या मंडळाला, ज्या नगराला आपले स्वतःचे सोंग पाहवत नाही, त्याने महोत्सव भरवू नये; फटाके उडवावेत.

आता शेवटचे सांगतो आणि आपली रजा घेतो. आमच्या संघटनेने अलीकडे मागणीपत्रकात एक कलम घालायला सुरुवात केली आहे : स्पर्धेच्या तालमीसाठी कामगाराला पाळी बदलून मिळावी. वाटाघाटीत समोरचे लोक हसतात. हसोत. रविवारच्या सुटीलाही लोक हसलेच असतील. तीन आस्थापनांनी आजवर हे कलम मान्य केले आहे आणि त्यांचे यंत्र काही बंद पडलेले नाही.

आपल्याकडेही मागणे आहे. आपण दरवर्षी ही व्याख्यानमाला भरविता, तिच्यासाठी मांडव घालता, वर्गणी काढता. आज सायंकाळी येथे येताना आम्ही रस्त्यावर दोन शाळा पाहिल्या. दोघींना सभागृहे आहेत आणि दोन्ही सभागृहांना सहानंतर कुलूप होते. आठवड्यातून तीन दिवस, सात ते दहा, झाडलोटीचा आणि विजेचा खर्च घेऊन ती तालमीला उघडली तर नगराचे काय बिघडेल? बाजार समितीतला हमाल, यंत्रमागावरचा कामगार, शिवणकाम करणाऱ्या मुली, यांनी तेथे यावे. त्यांचे नाटक चांगले होईलच असे वचन आम्ही देत नाही. पहिली पाच नाटके बहुधा वाईट होतील. आमच्या चाळीचीही वाईटच होत असत. पण सहावे नाटक त्या पाचांच्या खांद्यावर उभे राहते. आणि पुढच्या वर्षी या मालेतले एक पुष्प व्याख्यात्याऐवजी त्यांना द्या. त्यांनी व्यासपीठावर उभे राहून आपली, आमची, अध्यक्षमहाराजांचीही थोडी थट्टा केली, तर आपण सर्वांनी मिळून हसावे.

आमच्या आईजवळ त्या निळ्या पडद्याची एक गोधडी शेवटपर्यंत होती. ती गेली तेव्हा आम्ही ती उसवून पाहिली. आतले कापड विरले होते, पण वरच्या कडेच्या पितळी कड्या तिने कापून टाकल्या नव्हत्या. आत दुमडून शिवल्या होत्या. पडदा पुन्हा टांगायचा झाला तर त्या लागल्या असत्या.